हवेचा डबा

"ह्ये काय आणून ठेवलंस माझ्या सैपाकघरात?" आईनं विचारलं.

मी मिठाच्या बरणीशेजारी फळीवर जागा करत होते. हातात पांढरा प्लॅस्टिकचा डबा होता, जेवणाच्या डब्याएवढाच. त्याला दोन बाजूंनी जाळी, आत बॅटरीवर भुंग्यासारखा गुणगुणणारा बारका पंखा आणि पुढच्या काचेवर हिरवे आकडे.

"हवेचा डबा हाय. मुजावर सरांनी दिलाय. हवेत धूळ किती हाय ते मोजतोय."

"आणि मोजून काय करतोय? झाडतोय?"

"झाडत न्हाई. नुसता मोजतोय."

"मग माझ्या कुठल्या उपेगाचा?" असं म्हणून आईनं चुलीत एक शेणी सारली आणि फुंकणीनं फुंकर घातली. धूर उठला तसा काचेवरचा आकडा टुणकन वर गेला. मी टाळी वाजवली. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी हात मागं घेतला.

मी तेव्हा नववीत होते. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रदूषणाचा धडा होता. त्यात शहराचं चित्र होतं, उंच धुराडी, मोटारींची रांग आणि नाकाला रुमाल लावलेला माणूस. मुजावर सरांनी तो धडा काढला आणि मिटून टाकला. "हा धडा तुमचा नाही," ते म्हणाले. "मुगरवाडीत असली रांग कधी बघितलीय का कुणी? आपला धडा आपण लिहू." मग ते कुठल्याशा विद्यापीठात हेलपाटे घालून पाच डबे मागून घेऊन आले. डब्यात बोटाच्या नखाएवढं कार्ड असे. ते काढून शाळेतल्या संगणकाला लावलं की दिवसभराची हवा भिंतीवर रेघ होऊन उमटायची. कुठं पाण्यासारखी सपाट, कुठं डोंगर. आम्हाला ते जादूसारखं वाटे.

एक डबा शाळेत ठेवला, एक देवळाच्या ओवरीत, एक सरांच्या ओळखीच्या मळ्यात, एक पावडरच्या रस्त्याला पानपट्टीवर. पाचवा कुणाच्या तरी घरात ठेवायचा होता. आमचं घर गावाच्या या टोकाला, पावडरपासून सगळ्यात लांब. इथली हवा चांगली निघेल, तुलना करायला बरी, म्हणून सरांनी आमचं घर निवडलं.

पावडर म्हणजे कारखाना. त्याचं खरं नाव फाटकावर इंग्रजीत होतं, पण सगळी पंचक्रोशी त्याला पावडरच म्हणायची. डोंगरातली पांढरी गारगोटी फोडून आणायची, गिरणीत दळायची आणि पिठासारखी बारीक झाली की पोत्यांत भरून काचेच्या, फरशीच्या कारखान्यांना पाठवायची. फाटकाजवळच्या चिंचा उन्हाळ्यात पांढऱ्या दिसत. सुट्टी झाली की माणसं बाहेर पडत तीही पांढरीच. पापण्या, मिशा, कानाची पाळी सगळं पांढरं. गल्लीतली लहान पोरं 'भुतं आली, भुतं आली' म्हणून त्यांच्या मागं धावत आणि भुतंही हसून त्यांना भॉक करत. माझे वडील त्यांच्यातलेच एक. सातापा नाव त्यांचं. मी अण्णा म्हणायची. पोती भरायच्या खात्यात होते. मला आठवतंय तेव्हापासून तिथंच.

पहिल्या आठवड्याची रेघ भिंतीवर आली तेव्हा सगळा वर्ग 'ओऽ' म्हणाला. पानपट्टीवरच्या डब्यात दिवसभर बारके-बारके डोंगर होते, ट्रक गेला की एक. आमच्या घरात मात्र सकाळी एक टेकडी आणि संध्याकाळी असा सुळका की पानपट्टीचे डोंगर त्याच्यापुढं वारुळं वाटावीत.

सरांनी हसून माझ्याकडं बघितलं. "कस्तुरी, आई चुलीवर करते ना सैपाक?"

"होय सर."

"बघा. आपण रस्त्याकडं बोट दाखवत होतो आणि धूर घरातच होता." त्यांनी फळ्यावर 'चूल' असं लिहून खाली रेघ मारली.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती कणीक मळत होती, तशीच थांबली.

"माझ्या चुलीला नाव ठेवतोय तुझा मास्तर?"

"नाव ठेवत न्हाई. डबा सांगतोय."

"डब्याला काय कळतंय? त्यानं भाकरी खाल्लीय कधी?"

पण मनाला लागलं होतं तिच्या. पाहुणे आले तरच काढायची गॅसची शेगडी तिनं दुसऱ्या दिवशी खाली घेतली, पुसली आणि फळीवरच्या डब्याकडं बघत पेटवली. आठवडाभर गॅसवर सैपाक केला. भाकरी कडेनं कच्ची राहायची. अण्णा काही बोलायचे नाहीत, पण आईच बोलायची, "खावा. डब्यासाठी खावा."

पुढच्या आठवड्यात सरांनी पुन्हा रेघ लावली. सकाळची टेकडी गेली होती. संध्याकाळचा सुळका जागच्या जागी होता.

सर बराच वेळ भिंतीजवळ उभे राहिले. मग म्हणाले, "मला कळत नाही. तुम्ही बघा. कुणाला काही दिसतंय का?"

माझ्या शेजारी सानिका बसायची. तिचे वडील, ईश्वरकाका, अण्णांच्या जोडीला पोत्याचं तोंड धरायचे. आम्ही दोघी पहिलीपासून एका बाकावर. तिनं हात वर केला.

"सर, एका दिवशी सुळका न्हाईच."

"कुठल्या दिवशी?"

ती उठून भिंतीजवळ गेली आणि तिनं बोट ठेवलं. "मंगळवारी. मागल्या आठवड्यातबी मंगळवारीच न्हवता."

"मंगळवारी काय असतं आपल्या गावात?"

"बाजार!" सगळी पोरं ओरडली.

"बाजार आणि हिच्या घरातल्या हवेचा काय संबंध?"

मागच्या बाकावरून कुणीतरी सहज म्हणालं, "मंगळवारी लाइट नसतीया सर. पावडर बंद असतीया."

आमच्या घरी मोरी सैपाकघराच्या कोपऱ्यात होती. अण्णा संध्याकाळी येत, दारातून थेट मोरीवर जात. डोक्याचा टॉवेल सोडून दोनदा झटकत, सदरा काढून दोनदा झटकत आणि मग हातपाय धूत. रोज. मी ते इतक्या वेळा बघितलं होतं की बघितलंय हेच मला ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मला ते दिसलं. माझ्या तोंडावर काय उमटलं कोण जाणे, सरांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि प्रोजेक्टर बंद केला.

"कस्तुरी," ते म्हणाले, "जा, पाणी पिऊन ये."

सानिका माझ्याबरोबर आली. आम्ही दोघी नळाशी उभ्या राहिलो. पाणी कुणीच प्यालं नाही.

"आमचे बाबा तर घरात येऊन गादीवरच बसत्यात," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी फळीखाली उभी राहिले. अण्णा आले, मोरीवर गेले, टॉवेल झटकला. हिरवे आकडे पळायला लागले.

"काय बघालाईस गं?"

"आकडे."

अण्णा हात पुसत जवळ आले. ते जवळ आले तसा आकडा आणखी चढला. त्यांनी भुवया उचलल्या. मागं सरकले, आकडा हळूहळू उतरला. पुढं आले, चढला. त्यांना गंमत वाटली. लहान पोरासारखं मागं-पुढं, मागं-पुढं केलं त्यांनी.

"ह्यो मला वळखतोय म्हण की," असं म्हणून ते हसले.

मी हसले नाही. आई गॅसपाशी बसली होती, तीही हसली नाही. अण्णांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघितलं, मग आपल्या अंगावरच्या सदऱ्याकडं. मग गेलेल्या आठवड्यात आईनं मुकाट्यानं बाजूला केलेल्या चुलीकडं.

"चूल न्हवतीच तर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीपासून ते घरी यायच्या आधी ओढ्यावर जाऊ लागले. जानेवारीचे दिवस, अंधार लवकर पडायचा. तिथंच अंघोळ करायची, कपडे खळबळून घ्यायचे, पिशवीत नेलेला कोरडा सदरा घालायचा आणि ओल्या केसांनी काकडत घरी यायचं. आई म्हणायची, "खोकला हाय अंगात, कशाला थंड पाण्यात उतरताय? मी पाणी ठेवते, मागल्या अंगणात घ्या." ते म्हणायचे, "अंगणातनं वारं घरातच येतंय."

खोकला त्यांना दोन-तीन वर्षांपासूनचा होता. पावडरवाल्या सगळ्यांनाच असायचा. त्याकडं कुणी खोकला म्हणूनसुद्धा बघत नव्हतं.

आठवडाभरानं आमच्या घरची रेघ सपाट झाली. सर एवढे खूश झाले की त्यांनी सगळ्या वर्गाला चॉकलेटं वाटली. तालुक्याला विज्ञान प्रदर्शन होतं. त्यात हेच न्यायचं ठरलं. आधीची रेघ, नंतरची रेघ आणि मधे उपाय. बोलायचं मी. सानिकानं तक्ते रंगवायचे.

एक दिवस मधल्या सुट्टीत अण्णा शाळेत आले. कधी येत नसत. वर्गाच्या दारात चपला काढून उभे राहिले. सरांनी आत बोलावलं तर बाकावर अगदी कडेला टेकले.

"सर, त्यो डबा मला एक दिवस देता?"

"कशाला?"

"आत घिऊन जातो. जिथं आम्ही काम करतोय तिथं."

सरांनी उठून दार लोटलं. त्यांनी आधी कारखान्याला तसं विचारलं होतं आणि फाटकावरूनच त्यांना परत पाठवलं होतं. वर हेडमास्तरांनी बोलावून घेऊन, शाळेचा प्रोजेक्टर कुणी दिलाय याची आठवण करून दिली होती.

"कुणी बघितलं तर?"

"जेवणाच्या पिशवीत कोण बघतंय, सर?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी डबा शाळेत आणून दिला. मी आणि सर वाट बघत होतो. डब्याच्या जाळ्या भरून गेल्या होत्या, पंखा फिरत नव्हता, आणि काचेवर तीनच आकडे होते, नऊ, नऊ, नऊ.

"बिघडला," मी म्हणाले.

सरांनी कार्ड काढून लावलं. रेघ सकाळी खालून निघाली, ताठ वर गेली आणि वरच्या कडेला जाऊन आडवी पडली. दिवसभर तशीच आडवी. डोंगर नाही, दरी नाही.

"बिघडला नाही," सर हळू म्हणाले. "याला इथपर्यंतच मोजता येतं."

अण्णा भिंतीजवळ गेले. जिथं रेघ आडवी झाली होती तिथं त्यांनी हात ठेवला.

"म्हंजे ह्याच्या वरबी आसंल?"

"असेल."

"किती?"

"ते हा डबा नाही सांगू शकत, सातापा."

अण्णांनी हात काढला. भिंतीवर त्यांच्या तळव्याचा पांढरा ठसा राहिला, तो त्यांनी बाहीनं पुसला. मग म्हणाले, "सर, एवढी रेघ तेवढी लावू नगा परदर्शनात."

"का?"

"कारखाना बंद पडंल. निम्मी मुगरवाडी तिथं हाय. ईश्वराला काय सांगू? बाकीच्यांना काय सांगू?"

"मग आत कशाला नेलात डबा?"

"मला बघायचं हुतं," अण्णा म्हणाले.

सरांनी त्यांना छातीचा फोटो काढून घ्यायला सांगितलं, स्वतः बरोबर येतो म्हणाले. अण्णांनी मान हलवली, होही नाही, नाहीही नाही. ती रेघ सरांनी तक्त्यावर घेतली नाही. मला म्हणाले, "कुणी त्याबद्दल विचारलंच तर मला हाक मार. मी बोलेन."

प्रदर्शनाला अण्णा रजा टाकून आले. इस्त्रीचा सदरा, टोपी. तालुक्याच्या हायस्कुलाचा मोठा हॉल, चहूकडं टेबलं, ज्वालामुखी, पवनचक्क्या, थर्मोकोलची धरणं. आमच्या टेबलाशी गर्दी झाली, कारण आमच्याकडं खरा डबा होता. मी बोलत होते. आधीची रेघ, मंगळवारची गंमत, ओढ्यावरची अंघोळ, नंतरची रेघ. लोक हसले, टाळ्या वाजल्या. अण्णा थोडे लांब, ज्वालामुखीच्या टेबलापाशी उभे राहून ऐकत होते. माझं बोलणं ऐकताना त्यांचे ओठ हलत होते.

परीक्षकांत कॉलेजातल्या एक बाई होत्या, केस पिकलेल्या, गळ्यात चष्मा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तुमचं घर स्वच्छ झालं. छान. पण तुझे वडील जिथं काम करतात, तिथं किती?"

सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. सानिकानं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी खाली बघितलं. नाही म्हणून मान हलवली असती तर मी गप्प बसले असते, असं मला वाटतं. पण त्यांनी मान हलवली नाही. नुसतं खाली बघितलं.

"नऊशे नव्याण्णव," मी म्हणाले. "त्याच्या पुढं डब्याला मोजता येत नाही."

बाईंनी चष्मा लावला. सानिकानं माझा हात सोडला. बाजूला मोबाइलवर फोटो काढणारा एक माणूस उभा होता. तो कुठल्या तरी पेपराचा होता हे नंतर कळलं. तो म्हणाला, "बाळ, परत सांग जरा."

मी परत सांगितलं. कारखान्याचं नावही सांगितलं.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. येताना एस.टी.त अण्णा माझ्या शेजारी बसले. सर आणि सानिका पुढं होते. घाट लागेपर्यंत अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. उतरायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "लई मोठ्यानं बोललीस. पार मागल्या माणसालाबी ऐकू गेलं."

ते रागावून म्हणाले की कौतुकानं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी पुढं कधी विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

पेपरात माझा फोटो आला. पंधरवडा उलटायच्या आत दोन गाड्यांतून सरकारी साहेब आले, आत जाऊन आले, पांढरे होऊन बाहेर आले. फाटकाला कुलूप पडलं. दुरुस्तीसाठी बंद, असा फलक लागला. गावात पहिले चार दिवस लोक मजेत होते, सुट्टी मिळाल्यासारखे. मग हळूहळू गप्प झाले. नळावर आईला कुणी पुढं व्हा म्हणेना. किराणावाला आधी पैसे मागायला लागला. एकदा ईश्वरकाका आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"सातापा, तुझ्या पोरीनं आमच्या पोटावर पाय दिला."

"तिनं खरं तेच सांगितलं."

"खरं आमाला म्हाईत न्हवतं व्हय?" ईश्वरकाका म्हणाले. "आमचं आमाला म्हाईत हुतं की रं!" आणि बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. अण्णा उठून त्यांची पाठ चोळू लागले. त्यांनी अण्णांचा हात झटकला.

सानिका बाक बदलून गेली. न भांडता गेली. दप्तर उचललं आणि पुढं जाऊन बसली. मुजावर सरांची वर्ष संपायच्या आत संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली, पार दुसऱ्या टोकाला. डबे विद्यापीठात परत गेले. जायच्या आधी सरांनी टेम्पो करून पावडरवाल्यांना तालुक्याच्या दवाखान्यात छातीचे फोटो काढायला नेलं. चारदोनच माणसं आली. बाकीचे म्हणाले, एकदा कागदावर आलं की दुसरीकडं कोण कामाला घेणार?

अण्णा त्या टेम्पोत होते. तिथल्या डॉक्टरांनी टीबी म्हणून गोळ्या दिल्या. त्या सहा-सात महिने खाल्ल्या, उतार पडेना. मग कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडाला धरला. काळ्यावर पांढरे ठिपके, खसखस उधळावी तसे.

"कशाचं काम करता?"

"गारगोटीचं."

"तीच बसलीय आत."

"औषध?"

"खोकल्याला देतो. दम लागला की ओढायला पंप देतो. आत बसलंय ते निघत नाही."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सायेब, हिचा बी एक फोटो काढा. जन्मल्यापास्नं माझ्या कापडाजवळ हाय ही."

माझा फोटो काढला. तो स्वच्छ होता. आईचाही. डॉक्टर तसं म्हणाले तेव्हा अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना, दर पायरीवर थांबत, ते मला म्हणाले, "डब्याचे पांग फेडायला पायजेत."

पावडर परत चालू झाली नाही. मालकानं यंत्रं उचलली आणि हद्दीपलीकडं दुसऱ्या राज्यात, तासाभराच्या वाटेवर, नवी शेड टाकली. माणसं आमच्याकडचीच. सकाळी एक जीप गावात यायची आणि मागं माणसं कोंबून न्यायची. ईश्वरकाका पहिल्या दिवसापासून जाऊ लागले. त्यांचा राग तेवढ्यापुरता निवला असावा, कारण एक दिवस त्यांनी दारातून हाक मारली, "सातापा, चल. बसून करायचं काम हाय, पोत्याची तोंडं शिवायचं. मी सांगून ठेवलंय."

आई नको म्हणाली. मी नको म्हणाले. मी अकरावीला जात होते, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जात होती. अण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघाले. मी मागून गेले. जीप चौकात उभी होती. मागच्या फळीवर पाय ठेवून त्यांनी अंग वर ओढलं. एकदा, दुसऱ्यांदा. ईश्वरकाकांनी आतून हात दिला. अण्णांनी तो धरला, क्षणभर तसेच लटकले आणि पाय परत खाली टेकला. मग जीपच्या चाकाजवळ जमिनीवर बसले. तोंड उघडं, खांदे कानापर्यंत वर. चाळिशीही नीट उलटली नव्हती त्यांची.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ईश्वरकाका आतून बघत राहिले. जीप निघाली. मी अण्णांच्या काखेत हात घालून त्यांना घरी आणलं. वाटेत ते तीनदा म्हणाले, "बसतो जरा."

त्यानंतर त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं ते दाराच्या कट्ट्यापर्यंतच. उशा रचून बसल्या-बसल्या झोपायचे. बोलायला दम पुरत नसे म्हणून हातानंच सांगायचे. मी बारावीला होते त्या वर्षी थंडीत, दुपारच्या वेळी, ते गेले.

निरोप गेला आणि पावडरवाले आले. ज्यांनी आमच्या अंगणात येणं सोडलं होतं तेही आले. मुजावर सर दोन एस.टी. बदलून पोचले. सानिका आली, माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली. ईश्वरकाकांनी तिरडी बांधली, कुणाला हात लावू दिला नाही. तिरडीला खांदा द्यायला पावडरवालेच पुढं झाले. पुढं उजवीकडं ईश्वरकाका. माझ्या चुलतभावानं मडकं धरलं.

आमच्या गावचं मसणवटं टेकाडावर आहे. आमच्याकडं बायका तिथं जात नाहीत, पण आमच्या दाराच्या कट्ट्यावरून सगळा चढ दिसतो. मी तिथं उभी राहिले. आई आत, बायकांत.

पहिल्या वळणाच्या आधीच तिरडी थांबली. मला वाटलं, विसावा. पण विसाव्याचा दगड बराच वर होता. त्यांनी तिरडी खाली ठेवली. ईश्वरकाका गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. मग उचलली, थोडं चालले, परत ठेवली. खांदे बदलले. नवे चौघेही पावडरचेच. ते थोडं वर गेले आणि त्यांनीही ठेवली. एकजण रस्त्याकडेला बसला. मग दुसरा. तिशी-चाळिशीतली माणसं ती. हाडापेरानं धिप्पाड, रोज पोती उचलणारी.

शेवटी मुजावर सर पुढं झाले. त्यांनी खाली उभ्या असलेल्या आमच्या वर्गातल्या मुलांना हाक मारली. सरांनी आणि त्या मुलांनी अण्णांना उचललं आणि ते भरभर वर चढून गेले. मागं चढावर पावडरवाले तसेच बसून राहिले, एक इथं, एक तिथं, एक पार खाली. टॉवेल हातात, तोंडं उघडी.

आतून आईनं विचारलं, "पोचले काय गं वर?"

अण्णा पोचले होते. बाकीचे वाटेत बसले होते.